गळक्या घराचा जबाब

मनामा, बहरैन
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

प्रिय आतिका,

तुझ्या भाबीचा सलाम घे. इथे आम्ही दोघं अल्लाहच्या करमाने खुशाल आहोत. तुमची खुशाली तुझ्या सिराजकडून कळत असते. तुझ्या मालकांचा गुडघा आता बरा असेल. तुझ्या लाईबाला सातवा महिना लागला असेल ना? तिला म्हणावं, जिने जपून उतर नि आंबट जरा कमी खा.

‘खुशाल’ वाचून तू नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. मुरड. मी तो शब्द जाणूनबुजून लिहिलाय.

फोन सोडून हिने कागद कशाला काढला, असं म्हणशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू रडायला लागतेस. तू रडलीस की मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की तुम्ही सगळे धरून चालता की भाबी कबूल झाली. मागच्या रविवारी तेच झालं. फॅमिली ग्रुपवर लिहावं, तर तिथे तौकीरच्या सासूपासून तुझ्या धाकट्या जावेपर्यंत सगळ्या टपलेल्या. सिराज सुट्टीवर चिपळूणला निघालाय, त्याच्या हाती हे देते. आपण दोघी मराठी शाळेत एका बाकावर बसलो, माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर तुलाच वाचता येतं. तुझी भाबी मी नंतर झाले, मैत्रीण आधी होते. तेव्हा आज दोन्ही नात्यांनी ऐकून घे.

मागच्या रविवारी तू म्हणालीस, “भाबी, त्या गळक्या घरात तू माझ्या भावाला मारशील.”

मी गप्प बसले. तौकीर दोहाहून त्याच कॉलवर होता, तोही गप्प बसला. पोटचा मुलगा गो! दुसऱ्या दिवशी त्याने मला तिकीट पाठवलं. वीस डिसेंबर, अब्बांचं नाव, सोबत तो स्वतः, मुंबईला उतरून गाडीने थेट तुझ्या दारात. मी मागे राहून दुकान आवरायचं, घराची किल्ली परत द्यायची आणि मार्चपर्यंत निघून यायचं. सगळं ठरलेलं. माझ्या वाट्याला त्यांची बॅग भरायचं काम तेवढं ठेवलेलं. मी म्हटलं, बाबा रे, मला विचारलंस का? तर म्हणाला, “अम्मी, बी प्रॅक्टिकल.” मी मराठीत भांडते, तो इंग्रजीत उत्तर देतो, हे आमचं त्याच्या शाळेपासूनच चालू आहे.

तर बॅग मी भरलेली नाही. नोव्हेंबरपासून काय काय केलं ते लिहिते. तू घराला नावं ठेवलीस, मग घराचा जबाबही ऐक.

गेल्या जानेवारीत घर गळलं, ही गोष्ट खरी. त्यांच्या पलंगावर पाणी आलं, गादी भिजली, मग खोकला, मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटल. मी कुठे नाकारते? हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी मीच बसले होते. पण घर गळलं म्हणून कोणी माणूस उचलून नेतं का? घर दुरुस्त करतात.

गच्चीपासून सांगते. नोव्हेंबर लागला तसा मिस्त्र्याला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात, इंशाल्ला. इथल्या मिस्त्र्यांचं इंशाल्ला मी पस्तीस वर्षं ऐकतेय. त्याच्या भरवशावर बसले असते तर ईद आली असती. मग मीच पदर खोचला. आपला नुमान, दुकान सांभाळतो तो मंडणगडचा, त्याला जुम्म्यानंतर जेवायला बोलावलं आणि जेवून हात धुतल्यावर त्या हातात झाडू दिला. बिचाऱ्याने तो घेतला, मटण चांगलं झालं होतं. उन्हाळाभर वाऱ्याने आणलेली वाळू कोपऱ्याकोपऱ्यांत साचलेली, त्यात कबुतरांची घाण, मोडकी डिश, कोणाची तरी एक चप्पल. पाणी जायच्या पाइपाचं तोंड पार बुजलेलं. मी खांद्यापर्यंत हात घालून आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या ओढून काढल्या. जानेवारीत घर गळलं ते ह्या पिशव्यांमुळे. स्लॅब ठणठणीत आहे, पाण्याला जायला वाट नव्हती. गच्ची धुतली, वाळवली, भेगा भरल्या, वरून पांढऱ्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. आमची घरमालकीण उम्म युसुफ शेजारच्या गच्चीवरून बघत होती. मला तौकीरची आई म्हणूनच हाक मारते ती, म्हणाली, उम्म तौकीर, या वयात पडशील. मी म्हटलं, पडले तर तुझ्याच घरात पडेन. ती हसली आणि संध्याकाळी गहू-मटणाची गरम हरीस पाठवून दिली.

मग खिडक्या. इथले एसी खिडकीत बसवलेले, ते तू बघितलेस. एसी आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट असते. उन्हाळ्यात तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. थंडीत शमाल सुटला, म्हणजे इथला वायव्येचा वारा, की त्याच फटीतून असा घुसतो की पडदे हलायला लागतात. सगळ्या फटींत फोम कोंबला, वरून टेप मारली, एसीला बाहेरून ताडपत्री बांधली. दाराखाली रबरी पट्टी ठोकली. बाथरूमच्या झडपेची फुटकी काच बदलली. फरशी गार पडते म्हणून दुकानातला जाड गालिचा त्यांच्या पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत अंथरला आणि पाय अडकू नये म्हणून कडा चिकटवून टाकल्या. हीटर तेलाचा घेतला. लाल तारांचा स्वस्त मिळतो, पण त्याच्यावर ते हात शेकायला जातील. तू कोळशाची शेगडी सुचवली होतीस. अगो, बंद खोलीत कोळसा पेटवून माणसं झोपेतल्या झोपेत जातात इथे. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

ट्रंकेतल्या वाकळी काढून गच्चीवर चार दिवस उन्हात टाकल्या, डांबरगोळ्यांचा वास गेला. लोकरी टोप्या धुतल्या. छातीला चोळायला लसूण घालून तेल कढवून ठेवलंय. कुळथाचं पीठ संपत आलंय, ते सिराज परत येताना त्याच्याजवळ दे. भांडण आपल्या जागी आणि कुळीथ आपल्या जागी.

आणि ऐक, हे सगळं मी एकटीने केलं असं समजू नकोस. तुझे भाई दिवसभर माझ्या मागे होते. दुकानाचा हिशोब त्यांना येत नाही आता, तौकीर कुठल्या देशात आहे ते सांगता येत नाही, सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही. पण या घरात वारा कुठून शिरतो ते त्यांना बरोब्बर माहीत आहे. मला न दिसलेली एक फट त्यांनी दाखवली, कपाटाच्या मागची. टेप कापून द्यायचे, फोम दाबून धरायचे. एवढ्या हौसेने, की जणू घरात लग्नाचा पाहुणा यायचाय. मध्ये मध्ये तुझं नाव घ्यायचे. तुझं नाव ते हल्ली फार घेतात. त्याच्याबद्दल लिहायचंय मला, पण ते पुढे.

आधी तुझी बाजू. तू माडीवरून खाली ऐसपैस खोली काढलीस, रंग दिलास, कमोड बसवलास, भिंतीला धरायला दांडा लावलास. फोटो बघितले मी. तुझी माया खोटी आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण जुलैमध्ये काय झालं ते आठव. महिनाभर आम्ही तुझ्याकडे होतो. त्यांना रोज नव्याने विचारावं लागायचं, बाथरूम कुठे, दार कुठलं, बाहेर हा आवाज कसला. आणि एक दिवस ते उठून एसटी स्टँडवर गेले. रिक्षावाल्याने ओळखलं म्हणून सापडले. बहरैनची गाडी कधी आहे, असं विचारत होते सगळ्यांना. तुमच्याकडे सगळे हसले, म्हणाले, बघा, याचं दुकान काही सुटत नाही. मीही हसले तेव्हा. 

इथे ते हरवत नाहीत. मनामाच्या या गल्लीत ते डोळे मिटून चालतात. दुपारी असरच्या नमाजाला एकटे जातात, एकटे येतात. वाटेत मसालेवाला केरळी त्यांना हाक मारतो, सोनाराचा मुलगा सलाम करतो, वळण चुकलं तर कोणी ना कोणी हात धरून दारात सोडतं. घरातही रात्री बाथरूमला जायला त्यांना दिवा लागत नाही. आणि दुकान चालू आहे तोवर आमचे व्हिसा आहेत, व्हिसा आहेत तोवर हे घर आहे. दुकान मी चालवते. थंडीत तर ब्लँकेटांचं गिऱ्हाईक दारात उभं असतं, तुझ्या भाबीला बसायला फुरसत नसते. यात कुठलं सामान आवरायला सांगतोय तौकीर मला?

आता हाताचं.

सिराज तुला सांगणारच आहे, कारण त्याने बघितलाय. त्याआधी माझ्याकडून ऐक. तुझ्या भाईंचा उजवा हात भाजलाय. गेले काही शुक्रवार व्हिडिओ कॉलवर मी कॅमेरा त्यांच्या तोंडावरच धरत होते, ते ह्याच्यासाठी. आता फोड बसलेत, नवी कातडी आलीय, डॉक्टर म्हणाला खूण राहील पण बोटं हलतात. तू पहिलं वाक्य वाचून कागद खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

तू आलीस तेव्हा मे महिना होता, आठवतं? पहिल्याच दिवशी तू निळा नळ सोडलास आणि किंचाळलीस. गच्चीवरची टाकी उन्हात तापते, थंड नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून इथे उन्हाळ्यात आम्ही सगळे गिझर बंद ठेवतो. त्याच्या पोटात भरलेलं पाणी घरात राहून निवतं, मग लाल नळाचं पाणी गार आणि निळ्याचं गरम. तुला ते शिकायला आठवडा लागला होता आणि तू म्हणाली होतीस, ह्या मुलुखात सगळंच उलटं. थंडी आली की गिझर चालू करायचा आणि नळ पुन्हा सरळ होतात. आमच्या अंगवळणी पडलंय ते.

गिझर दरवर्षी तेच चालू करतात. या वर्षीही केला. मी फोम आणायला गेले होते, यांनी बटण दाबलं. बरोबर दिवशी दाबलं गो, त्याच दिवशी वारा फिरला होता. आणि दुसऱ्या दिवशी नमाजाच्या वुजूसाठी हात-तोंड धुताना थंडी आलीय हेच विसरले. उन्हाळ्यासारखा लाल नळ सोडला. पाणी उकळतं होतं. पण तो नळ गार असतो हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं, की हात चटकन मागेही घेतला नाही. मला हाक ऐकू आली तोवर व्हायचं ते झालं होतं.

हे मी तुमच्यापासून लपवलं. सांगितलं असतं तर तुम्ही वीस तारीख सोडून दुसऱ्याच दिवशी त्यांना उचलून नेलं असतं. सिराज मआमीरहून कामावरून सुटून आला. त्याने गिझरचं तापमान उतरवून पाणी कोमट होईल एवढंच ठेवलं, बेसिनच्या लाल नळाचा खालचा व्हॉल्व्ह बंद केला. आता या घरात भाजेल असं पाणी कुठल्याच नळाला येत नाही. हे आधी सुचायला हवं होतं म्हणशील. हो, हवं होतं. पण मला सांग, तुझ्याकडे गॅसचा बंब आहे, विहीर आहे, जिना आहे, हायवे आहे. तिथे काय काय सुचायचं बाकी आहे ते कुठे माहीत आहे आपल्याला?

उठते. ते दारात उभे आहेत, आभाळ आलंय म्हणतात. उरलेलं उद्या.

शनिवार

आतिका, पाऊस पडला. सकाळी दहापासून जो लागला तो जेवणं होईपर्यंत. इथे पाऊस म्हणजे काय ते तुला सांगून पटायचं नाही, चिपळूणवाल्यांना हे शिंतोडे वाटतील. पण रस्त्यांना गटारं नाहीत, सूकच्या बाजारात पाणी घोट्यावर आलं, नुमानने दुकानाच्या उंबऱ्यावर जुन्या गाद्या लावल्या. मी घरीच होते. गच्चीवर जाऊन आले, पाइपातून पाणी असं धो धो खाली पडत होतं की मी तिथेच भिजत बघत उभी राहिले. घर गळलं नाही. स्टोअररूमच्या कोपऱ्यात ओल धरली आणि दोन-चार थेंब आले, तेही लिहिते, नाहीतर म्हणशील भाबीने हेही लपवलं. त्यांच्या खोलीत टिपूस नाही. पलंग कोरडा, भिंत कोरडी, गालिचा कोरडा. घे जबाब.

आता जे काल टाळलं ते.

भिजून आले म्हणून मला हुडहुडी भरली. कपडे बदलले तरी दात वाजत होते. त्यांच्या पलंगाच्या कडेला एक नवं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. दुकानातलं, सगळ्यात भारी, मरून रंगाचं. नुमानला सांगून त्यांनी ते घरी आणवलेलं, मला वाटलं स्वतःसाठी. मी ते उचलून खांद्यावर घेतलं. तर ते उठले, त्या भाजलेल्या हाताने माझ्या अंगावरून ते ओढून काढलं आणि पुन्हा घडी घालत बसले. घडी नीट जमेना, तरी घालत राहिले. मी म्हटलं, अहो, थंडी वाजतेय मला. तर म्हणाले,

“ह्याला हात लावू नको, आतिका. ह्या जमीलाचा हाय. ती येनार हाय, तिला थंडी सोसत नाय.”

वाचलंस ना? ते मला आतिका म्हणतात. आज नाही, जुलैपासून म्हणतात. एसटी स्टँडवरून त्यांना घरी आणलं तेव्हा तुम्ही सगळे बाहेर हसत होतात आणि मी आत त्यांचे पाय धूत होते. तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, आतिका, मला जाऊ दे, घराला कुलूप आहे, जमीला विमानातून उतरून दारात उभी राहील. मी म्हटलं, मीच जमीला. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, तू लहान पोरीला समजावतेस तशी. मला वाटलं, परक्या जागेमुळे झालं असेल, परत गेल्यावर ओळखतील. इथे आल्यावर एक-दोनदा ओळखलं. सप्टेंबरनंतर नाही.

तू त्यांच्यापासून दूर आहेस म्हणून झुरतेस, आतिका. तू तर इथे त्यांच्यासमोर दिवसभर असतेस. तुझ्या हातचा चहा पितात, तुझ्यावर चिडतात, तुला लहानपणच्या गोष्टी सांगतात. तुझ्या नावाची त्यांना काही कमी नाही. कमी आहे ती माझी, आणि तिची ते वाट बघतात.

मी इथे पहिल्यांदा आले ती नव्वदच्या जानेवारीत. अरबांचा मुलुख, गरमच असणार, म्हणून मी चार सुती साड्या आणि एक पातळ शाल घेऊन उतरले. विमानातून बाहेर पाऊल टाकलं नि वाऱ्याने हाडं गोठली. घरी आलो, तर या माणसाने खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्राने बंद केलेल्या, दाराखाली गोणपाट, पाण्याचं पातेलं गॅसवर आणि पलंगावर एक मरून ब्लँकेट. कोणीही सांगितलं नव्हतं त्यांना. तेव्हा माझी आणि त्यांची धड ओळखसुद्धा नव्हती. त्या दिवशी माझ्या मनातली घरची आठवण कमी झाली आणि मी इथे राहायचं ठरवलं.

आता त्यांच्या डोक्यात तोच जानेवारी चालू आहे. रोज तोच. मला राग यायला हवा होता ना तेव्हा? माझ्या अंगावरचं पांघरूण माझा नवरा मला देत नाही! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खूप रडले, खोटं कशाला सांगू. मग दोन स्वेटर चढवले आणि बाहेर येऊन त्यांना घडी घालायला मदत केली.

म्हणून सांगते, ते तुझ्याकडे येणार नाहीत. तुझ्याकडे आले तर ते रोज स्टँडवर जातील, कारण त्यांची बायको या दारात येणार आहे, तुझ्या नाही. इथे ते वाट बघतात तेव्हा त्यांच्या हाताला काम असतं, तोंडावर हसू असतं. फटी बुजवतात, गिझर लावतात, ब्लँकेटाची घडी मोडून परत घालतात. दुखणं वाढणार आहे, डॉक्टरने सांगितलंय, मला ऐकू येतं. उद्या हे घरही ते विसरतील. विसरले की बघू. त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन आणि खोली तयार ठेव म्हणेन. आज तो दिवस नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि माझं किती जळतंय ते मला कळू दे.

तौकीरला मी आज सकाळी सांगितलं. वीस तारखेला ये, बापाजवळ बस, त्यांच्यासोबत सूकमध्ये फिरायला जा, परत जाताना एकटा जा. तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, मराठीत बोल. मग म्हणाला, “ठीक आहे अम्मी.” तिकीट रद्द झालं, खलास.

तुला माझ्या भांडणात हरवायचं नाही मला. तू ये. जानेवारीत ये, व्हिजिट व्हिसा मी काढते, लाईबाचं बाळंतपण व्हायच्या आत परत जाशील. भावाला बघ, घर बघ, गच्चीवर जाऊन पाइपात हात घालून बघ हवं तर. आणि माझं एक काम कर. तू त्यांच्याजवळ बस. तुला बघितलं की आतिकाची जागा भरेल. मग मी चांगली साडी नेसेन, माझी ती जुनी सुटकेस हातात घेईन, बाहेर जाईन आणि दार लावून घेईन. थोडा वेळ थांबेन. आणि बेल वाजवीन. तू उठू नकोस, दार त्यांना उघडू दे.

ओळखलं तर अल्लाहची मेहरबानी. नाही ओळखलं, पाहुणी समजून बाहेरच उभी केली, तरी मी त्यांच्या बाजूने आत शिरेन. घर माझं आहे गो. मी येईपर्यंत ऊबदार राहावं म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं राखलंय, आणि मी कुठेही जाणार नाही.

मालकांना सलाम, लाईबाला माझी दुवा. कुळीथ विसरू नकोस.

तू येईपर्यंत तुझ्या नावाच्या हाकेला ओ देणारी,
तुझी भाबी
जमीला